हौसाचं गवत

हौसा, तुझं गवत कापणीला आलं आहे. तू गेलीस म्हणून ते थांबेल असं मला वाटलं नव्हतं, आणि थांबलंही नाही. गुडघ्याच्या वर गेलंय. बांधाकडचं तर आडवं पडून पेरापेराला मुळ्या सोडायला लागलंय. आज सकाळी मी एक भारा कापून आणला. तुझ्या म्हशीनं आधी मला हुंगलं, मग गवत हुंगलं आणि खायला लागली. भेटायला येणाऱ्या बायका सांगत होत्या, मालकीण गेली की जनावर वैरण सोडतं. तुझ्या म्हशीनं काही सोडलेलं नाही. डेअरीला दूध रोजच्याएवढंच गेलं.

त्या बायका दारात येऊन रडतात आणि मी रडत नाही म्हणून माझ्याकडे बघतात. बघू देत. आपण सख्ख्या जावा, मी थोरली, तू धाकटी. एका चुलीवर राहिलो, मग दोन चुली केल्या, दोघींचे नवरे मागेपुढे गेले, आणि एवढ्या वर्षांत आपण जेवढं बोललो त्यात निम्मं तरी भांडण होतं. ते भांडण अर्धं टाकून तू गेलीस. भांडण अर्धं राहिलं की माणसाला रडू येत नाही, राग येतो.

तुला वाचता येत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून घरात कागद आला की मी वाचायची आणि तू शेजारी बसून म्हणायचीस, "अक्का, कागदावरचं वाचतायसा न्हवं? का तुमच्या मनातलं वाचतायसा?" आता मी मनातलंच लिहिते आहे. तुला काय म्हणायचं ते म्हण.

विषय तोच आहे, ओढ्याकडच्या रानाचा. पाईपचा कागद परत आलाय. जमिनीत भोकांचे पाईप पुरायचे, मुळाखालचं खारं पाणी त्यातून ओढ्याला सोडायचं, मग काही पावसाळ्यांत मीठ धुऊन जातं आणि रानात परत ऊस येतो. वरच्या अंगाच्या सगळ्यांनी सह्या केल्यात. आपलं रान सगळ्यात खाली, सगळ्यांचं पाणी आपल्यातून जाणार, म्हणून आपण हो म्हटल्याशिवाय कुणाचंच काम होत नाही. सातबाऱ्यावर दोघींची नावं. माझी सही कधीपासून तयार होती. अडला होता तो तुझा अंगठा. आता तुझ्या जागी विजयचं नाव लागेल. तुझा लेक कोल्हापुरातून फोन करून म्हणाला, "मोठी आई, मला रानातलं काय कळत न्हाय. तू म्हणशील तसं." रविवारी येतो म्हणालाय. म्हणजे या घरात पहिल्यांदाच मी म्हणेन तसं होणार आहे.

ते रान आधी असं नव्हतं, हे नव्या पोरांना सांगूनही खरं वाटत नाही. विहिरीचं पाणी होतं तोवर ज्वारी व्हायची, शाळू व्हायचा, हरभरा व्हायचा. मग नदीवरून पाणी आलं आणि सगळ्या शिवारात ऊस झाला. वीज आली की मोटर सुरू करायची, पाटाचं तोंड उसात सोडायचं आणि दोघा भावांनी घरी येऊन झोपायचं. पाणी जेवढं जास्त तेवढा ऊस जाड, असं सगळं गाव समजत होतं. आपण बायकाही तेच समजत होतो. आपणच तर म्हणायचो, शेजारच्यानं चार वेळा पाणी दिलं, तुम्ही तीनच वेळा का दिलं. मग ऊस पिवळा पडायला लागला. तोडलेल्या उसाला खोडवा फुटेना. आणि एका उन्हाळ्यात ढेकळांवर पांढरं आलं. मला वाटलं कुणी चुन्याचं पोतं ओढत नेलं असेल. तू वाकलीस, बोट लावलंस, जिभेवर ठेवलंस आणि थुंकलीस. "मीठ हाय की ओ, अक्का."

पुरुष माणसं त्यावर खत टाकत राहिली. खत टाकलं की अजून पाणी द्यावं लागायचं. पाणी दिलं की अजून मीठ वर यायचं. शेवटी तिथे लव्हाळासुद्धा नीट उभा राहीना.

मग तुझ्या चुलतभावाच्या लग्नाला आपण दोघी तुझ्या माहेरी गेलो होतो. हद्दीपलीकडचं तुझं गाव, तिथे बायका अक्काला अक्काच म्हणतात पण पुढचं सगळं कानडीत. लग्न राहिलं बाजूला, तू मला तळ्याकाठी घेऊन गेलीस. कपडे धुऊन सोड्याचं पाणी जिथे साचायचं, जिथे काहीच उगवत नव्हतं, तिथे हे गवत कमरेएवढं उभं. तू नव्या लुगड्याचा काष्टा मारून चिखलात उतरलीस आणि दोन्ही हातांनी ओढून काढायला लागलीस. वर नवरदेव मांडवात आणि खाली नवरदेवाची बहीण चिखलात. तुझी आई काठावर उभी राहून कानडीत ओरडत होती. काय ओरडत होती ते तू मला सांगितलं नाहीस, पण शिव्या कुठल्याही भाषेत कळतात.

येताना एस्टीत ते गाठोडं तू पायाशी ठेवलंस. पाणी गळून गळून पुढच्या माणसाच्या चपलेखाली गेलं. कंडक्टर म्हणाला, "मावशी, वैरण एस्टीत चालत न्हाय." तू म्हणालीस, "वैरण न्हवं, बियाणं हाय." त्यानं वाकून बघितलं. "ह्ये बियाणं?" "मग काय तर." पुढचा माणूस कुरकुरायला लागला तेव्हा त्याला म्हणालीस, "पावणं, जरा पाय वर घ्या. माझं रान चाललंय." गाडीतली माणसं हसली. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. मला तुझी लाज वाटायची तेव्हा, आणि वाटायलाच पाहिजे होती.

विळ्यानं दोन-दोन पेरांच्या कांड्या करून तू त्या ओढ्याकडच्या चिखलात तिरक्या खोचल्यास. बांधावर बसून माझे मालक, आमचे थोरले, म्हणाले, "धाकटीनं म्हशीसाठी लोणचं घातलंया." ते नाव गावात बरेच दिवस चाललं. लोणचं. पुढे शेतीखात्याचे लोक आले, त्यांनी सांगितलं याला पॅरा गवत म्हणतात, खाऱ्या आणि पाणथळ जमिनीत टिकतं. तू म्हणालीस, "मला काय नावाशी. म्हस खाती न्हवं?"

म्हशी खात होत्या. ज्या रानानं आपल्याला वाळवलं, त्याच रानावर मग दोन घरांचं दूध निघायला लागलं. तुझ्या विजयचं शिक्षण त्या दुधावर झालं, माझी लेक कोडोलीला दिली ती त्या दुधावर दिली. हे मी तुला कधी तोंडानं म्हटलं नाही. तूही म्हणायची वाट बघितली नाहीस. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, "काय काम हाय, अक्का? एवढं गोड बोलायलाय त्ये."

पूर आला तेव्हाचं तर सगळ्या गावाला माहीत आहे. ऊस पाण्याखाली गेला आणि कुजला. वैरण वाहून गेली. पाणी उतरल्यावर शिवारात नाक धरून चालावं लागायचं. आपलं गवतही गाळाखाली गेलं होतं, मी म्हटलं गेलं. तू रोज जाऊन बघून यायचीस. मग गाळातून हिरवे शेंडे वर आले, सुईसारखे. लोक विळे घेऊन आपल्या बांधावर आले. लोणचं म्हणणारेही आले. तू कमरेवर हात देऊन उभी राहिलीस. "न्या की. म्हशी काय तुमच्यागत लोणच्याला नावं ठेवत न्हाईत. पर वरनं कापायचं. मुळी उपटली त्याचा हात उपटीन." कुणी मुळी उपटली नाही.

आता पाईपचं. गावात पहिल्यांदा ही योजना आली तेव्हा देवळात बैठक झाली. मला ती पहिल्या दिवसापासून पटली. मी तुला रात्रंदिवस सांगत होते, गवत हे गवत आहे, रान हे रान आहे. आपले गुडघे चालतात तोवर भारे वाहू, पुढे कोण वाहणार? विजय येणार आहे का विळा घेऊन? ऊस एकदा लावला की टोळी येऊन तोडून नेते. पोराच्या हातात द्यायचं तर चालू रान द्यावं, दलदल देऊ नये. यातलं एकही वाक्य मी आज मागे घेत नाही.

बैठकीत सगळे पुरुष. तू मध्येच उठून उभी राहिलीस आणि विचारलंस, "पाणी जाणार ओढ्याला, ते कळलं. मीठ जाणार कुठं?" साहेब म्हणाले, पाण्याबरोबरच जाणार. तू म्हणालीस, "म्हंजे खालच्याच्या रानात." तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "वयनी, राहिलेलं मीठ तुमच्या आमटीत टाका!" सगळे हसले. तू मागे न बघता म्हणालीस, "टाकलं असतं, पर तुमच्या जिभंला चव कुठं हाय." मग जास्तच हसले. मी तुझा पदर ओढून म्हटलं, बस खाली. तू बसलीस, आणि घरी येईपर्यंत बोलली नाहीस, आणि घरी आल्यावरही नाही. तो अख्खा पावसाळा नाही.

त्याच पावसाळ्यात मी गोठ्यात घसरले आणि पायाला प्लास्टर बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर माझ्या म्हशीपुढे गवताचा भारा. तू टाकलास आणि माझ्याकडे पाठ करून म्हशीला म्हणालीस, "अबोला माणसांचा हाय, म्हशींचा न्हाय." मग रोज तसंच. मी बाजेवरून बघायची, तू म्हशीशी बोलायचीस. "म्हशे, तुझ्या मालकिणीला सांग, पाय खाली टेकू नगं म्हणावं. म्हातारपणी लंगडी झाली तर भांडायला कोण येणार?" मी पण म्हशीलाच म्हणायची, "तिला सांग, भारा निथळून आण. गोठ्यात चिखल झालाय, त्यातच तर मी पडले." म्हैस बिचारी कान हलवायची. तिला काय, तिला गवत मिळत होतं.

तो अबोला सुटला तो म्हैस व्यायली तेव्हा. दुपारची वेळ, घरात मी एकटी, मला उठता येत नव्हतं. म्हशीचा आवाज ऐकून तू आलीस आणि सरळ गोठ्यात शिरलीस. बराच वेळ नुसता तुझा श्वास ऐकू येत होता. मग एकदम ओरडलीस, "अक्का, रेडी हाय, रेडी!" मी म्हटलं, "उभी राहतीया का बघ." तू म्हणालीस, "राहिली की." मग दोघींच्याही लक्षात आलं, पण आता काय उपयोग, बोलून झालं होतं. संध्याकाळी तू खरवस करून आणलास. गोड जास्त होता. ते मी तेव्हाच सांगितलं.

पाईपवर मात्र आपण परत आलो नाही. कागद दरवर्षी यायचा, मी तुझ्यापुढे ठेवायची, तू त्यावर विड्याचं पान ठेवायचीस आणि म्हणायचीस, "मीठ कुठं जाणार ते लिवलंय का ह्यात? न्हाय न्हवं? मग ऱ्हाऊ दे." वरच्या अंगाची माणसं मला रस्त्यात गाठायची. "थोरल्या वयनी, धाकटीला समजावा की." मी म्हणायची, तुम्हीच समजावा, तुम्हाला चव कुठे आहे ते ती सांगेल.

तुझ्या रक्षेच्या दिवसाचं तुला सांगायला पाहिजे, कारण तिथेही थोडं भांडण झालं. आता आपल्याकडे कुणी नदीत रक्षा सोडत नाही. घरच्याच रानात टाकायची आणि तिथे त्या माणसाच्या नावाचं झाड लावायचं. चांगली रीत आहे, नदी साफ राहते. पण आपल्या खाऱ्या पट्टीत झाड जगत नाही हे सगळ्यांना माहीत असून सगळे लावतात. बांधाबांधावर लोखंडी जाळ्या उभ्या आहेत आणि जाळीत वाळलेली काटकी. प्रत्येक काटकीला नाव. आमच्या थोरल्यांच्या नावाचा आंबा दोन पावसाळे टिकला, मग पानांच्या कडा करपल्या आणि गेला. तेव्हा गवत कापता कापता तू म्हणाली होतीस, "माझ्या नावानं आंबा लावू नगासा. एकदा मेल्यावर परत कशाला वाळू मी?"

विजय कोल्हापुरातून आंब्याचं रोप घेऊन आला होता, कलमी, पिशवीतलं. मी म्हटलं, ते परत ने. रक्षा गवतात टाक. त्याचं तोंड उतरलं. भावकीतला एक जण म्हणाला, "गवतात? म्हशी खातील की वयनी." मी म्हटलं, "आयुष्यभर तिनं म्हशींना घातलं, आता काय पंगत वाढायची राहिली आहे का?" दुसरा म्हणाला, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांच्या काटक्या बघ आधी." विजय मडकं घेऊन आत शिरला. ओलं गवत, त्याच्या पँटला कुसळं लागली. राख टाकली तर ती पानांवरच बसली, खाली जाईना. मग त्यानं दोन्ही हातांनी गवत बाजूला करून खाली जागा केली. तेवढं बघून मी बांधावरून उतरले आणि घरी आले. रोप त्यानं शाळेच्या आवारात दिलं. तिथली जमीन गोडी आहे, जगेल.

हे इथवर लिहून ठेवलं होतं. मधे रविवार होऊन गेला, त्यानंतरही बरेच दिवस गेले. आता पुढचं.

विजय आला, त्याच्याबरोबर पाईपवाल्यांचा माणूस आला. तरुण आहे, चप्पल दाराबाहेर काढून आत आला, चहा मागून घेतला. कागद समोर ठेवला. मी चष्मा लावला. पेन हातात घेतलं. तुझी बाजू ऐकायला लागणार नाही म्हणून मी मोकळी होते, आणि तोंडातून निघालं, "मीठ जाणार कुठं?"

विजय हसला. त्याला वाटलं मी तुझी नक्कल करते आहे.

मी म्हटलं, "हसू नकोस. सांग."

"मोठी आई, तूच म्हणत होतीस की इतकी वर्षं, पाईप घाला, पाईप घाला."

"म्हणत होते. ती नको म्हणायला होती म्हणून म्हणत होते."

"म्हंजे आता नगं?"

"पाहिजे. पण आता नको म्हणायला कोण आहे? तू आहेस का?"

पाईपवाला माणूस कपातला चहा ढवळत बसला, साखर आधीच विरघळली होती. मग म्हणाला, "मावशी, सगळीकडं पाणी ओढ्यातच सोडतात." मी म्हटलं, "सगळीकडे मालन आहे का?" त्याला मालन माहीत नव्हती. मी त्या दोघांना उठवलं आणि ओढ्यावर घेऊन गेले. हातात काठी, वाटेत दोनदा बसावं लागलं. आपल्या रानाच्या खालच्या अंगाला मालनची वांगी आहेत, ओढ्यात मोटर टाकून ती पाणी देते. पाईपचं तोंड जिथे निघणार ती जागा तिच्या मोटरीच्या वर आहे. मालन तिथेच खुरपत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "मला कुणी काय सांगितलं न्हाय बाई. मी कुठं बैठकीला येते."

हौसा, हे मला इतकी वर्षं दिसत नव्हतं असं नाही. तू आहेस, तू अडवते आहेस, मग मी कशाला बघू, असं होतं. तुझं काम तू करत होतीस, माझं मी. आता दोन्ही कामं माझ्याकडे आली.

त्या माणसानं ओढ्याकडे बघितलं, वांग्याकडे बघितलं, फोन काढून कुणाशी तरी बोलला. मग म्हणाला, पाईपचं पाणी ओढ्यात न सोडता वेगळी चर काढून नदीपर्यंत नेता येईल, वांग्याच्या रानाला लागणार नाही. काम वाढेल, वरच्या सगळ्यांना पटायला पाहिजे. आणि चरीच्या बाजू ढासळतात, त्यांना गवत लावावं लागेल. "असलंच," म्हणाला आणि तुझ्या गवताकडे हात केला.

विजय तेव्हा हळूच म्हणाला, "आईची रक्षा हाय त्यात. त्यात जेसीबी कसा घालायचा?" डोळे भरून आले होते त्याचे. मी म्हटलं, "पाऊस झालाय, पाणी वाहिलंय. ती अजून तिथंच बसून राहिली असंल व्हय? बसणाऱ्यातली होती का तुझी आई?" तो हसला आणि रडलाही. पोरगं चांगलं आहे. तुझ्यासारखं नाही, पण चांगलं आहे.

वरच्या अंगाच्या लोकांची परत बैठक झाली. या वेळी मी मालनला बरोबर नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. कुरकुर झाली. एक जण म्हणाला, "एक गेली तर दुसरी सुरू झाली." मी म्हटलं, "व्हय. आणि मला लिहिता-वाचता येतं, तेव्हा नीट लिहून आणा." लांब चर कागदावर आली. मग मी सही केली.

मी सही केली, हौसा. तू असतीस तर पुढचा एक पावसाळा म्हशीशी बोलली असतीस. तू गेलीस म्हणून तुझं सगळं बरोबर झालं असं मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसाला होकार देणं सोपं असतं, सगळे देतात, दारात रडणाऱ्या बायकासुद्धा देतात, ज्यांनी तुझ्या गवताला लोणचं म्हटलं. मला पाईप पटत होते, ते आजही पटतात. तुझा प्रश्न पटत होता, तोही आजही पटतो. मीठ नदीत जाणार आणि नदीतून पुढे कुणाच्या रानात जाणार, हे त्या माणसाला माहीत नव्हतं आणि मलाही नाही. तू ते विचारलं असतंस. मी विचारलं नाही, कारण मग सहीच झाली नसती.

जेसीबी यायच्या आधी मी आणि मालननं तुझं गवत काढलं. तू करायचीस तशा दोन-दोन पेरांच्या कांड्या केल्या आणि नव्या चरीच्या दोन्ही अंगांना खोचल्या. मालन वाकून वाकून कंटाळली. म्हणाली, "अक्का, ह्ये गवत एकदा शिरलं की जात न्हाय. माझ्या वांग्यात येईल की."

"आलं तर काप आणि म्हशीला घाल."

"माझ्याकडं म्हस कुठं हाय?"

"मग घे."

ती हसायला लागली. मी हसले नाही, कंबर धरली होती. रेडी मोठी होऊन आता गाभण आहे, ती व्यायली की तुझी म्हैस मालनला सांभाळायला देईन म्हणते. विजयला विचारलंय. माझ्याकडून एवढ्या म्हशी आता होत नाहीत.

चरीला पाणी लागलं आहे. कांड्या तिरक्या उभ्या आहेत, अजून पिवळट दिसतात. रान मात्र मोकळं झालंय, लाल पाईपांच्या गुंडाळ्या बांधावर पडल्यात. वरच्या अंगाचे लोक रोज येऊन बघून जातात. पुढच्या वर्षी, नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी तिथे ऊस उभा राहिला तर मी बांधावर जाऊन मोठ्यानं म्हणणार आहे, बघ, मी सांगत नव्हते? कुणी ऐको न ऐको. पण समजा नाही उभा राहिला, समजा परत पांढरं फुटलं, तर ते माझ्या तोंडावर म्हणायला तू नाहीस. बाकी सगळं मी करून घेतलं, हौसा. एवढं एक मला अजून पटत नाही.